मुळाभोवतीची चिमूटभर माती



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांकडे मी दोन वर्षं मृदाशास्त्र शिकलो. शिवारफेरीला गेलं की सर बांधावरचं एखादं तण मुळासकट उपटायचे आणि हलकेच झटकायचे. सुटी माती गळून जायची. मुळांना चिकटून राहिलेली थोडी माती मात्र तशीच राहायची. ती चिमटीत धरून आमच्या तळहातावर ठेवायचे आणि चोळून पाहा म्हणायचे. ही माती आणि वीतभर अंतरावरची माती एकच आहे असं ज्याला वाटेल त्याने परीक्षेला बसू नये, असं त्यांचं सांगणं असे. आम्ही हसायचो. ते हसत नसत. पुढे चाळीस वर्षं मी मातीतच काम केलं आणि त्यांचं ते एक वाक्य मला पुन्हा पुन्हा भेटत राहिलं. आजचा जाहीर विषय 'तेलाने बिघडलेली जमीन आणि वनस्पती' असा आहे. पण मी बोलणार आहे त्या चिमूटभर मातीबद्दलच.

माझ्या उजव्या हाताला टेबलावर दोन कुंड्या ठेवल्या आहेत. जूनच्या पहिल्या पावसानंतर दोन्हींत एकाच शेतातली दहा-दहा किलो माती भरली, प्रत्येकीत दोनशे मिलिलिटर डिझेल मिसळलं, दोन्हींना सारखंच शेणखत घातलं आणि आजवर सारखंच पाणी दिलं. एकीत हराळी लावली, दुसरी मोकळी ठेवली. हराळीची पहिली कांडी आठ दिवसांत करपली. दुसऱ्यांदा लावली तेव्हा ती महिनाभर नुसती पिवळी होऊन बसली. श्रावण संपता संपता तिने हात-पाय पसरले. या कुंड्यांकडे मी शेवटी परत येईन.

डिझेलच का, हराळीच का, याचं उत्तर माझ्या लहानपणात आहे. आमच्या मळ्यात विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. इंजिनाच्या खोपटाभोवती दोन-अडीच हात रुंदीचा एक काळा पट्टा पडला होता. ऑईल बदललं की जळालेलं ऑईल तिथेच ओतलं जायचं. थोडंसं डब्यात ठेवायचं, लाकडी औतांना आणि गाडीला वाळवी लागू नये म्हणून फासायला. त्या पट्ट्यात काही उगवत नसे. पाऊस पडला की पाणी तिथे मुरायचं नाही, इंद्रधनुष्याचे रंग दाखवत साचून राहायचं. मग गावात वीज आली, इंजिन विकलं. पट्टा मात्र राहिला. तीन-चार पावसाळ्यांनंतर माझ्या लक्षात आलं की बांधाच्या कडेने हराळी त्यात शिरते आहे. मधोमध ती उगवत नव्हती. कडेवरून एक कांडी पुढे टाकायची, पेर जमिनीला टेकवायचं, तिथे मुळी धरायची आणि पुढच्या पावसात आणखी वीतभर सरकायचं, अशी तिची चाल होती. हराळी दिसली की वडील कुदळ घ्यायचे. तिथली मात्र त्यांनी ठेवली, कारण तिथे काही पेरायचंच नव्हतं. मी कॉलेजला गेलो तोवर पट्टा हिरवा झाला होता. हे कसं घडलं ते मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही.

आता मी तुम्हाला आमच्या मळ्यातून एकदम कुवेतला नेतो. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत ताब्यात घेतलं. तिथून लाखाहून अधिक भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे विमानाने घरी आणलं गेलं. त्यांत गोव्याची आणि मुंबईची माणसंही होती, त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी घरांत ती आठवण अजून ताजी आहे. ती माणसं निघून आल्यावर त्या जमिनीचं काय झालं, ते सांगतो. १९९१ च्या सुरुवातीला माघार घेताना इराकी सैन्याने सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची विहीर बंद व्हायला ६ नोव्हेंबर १९९१ उजाडला. आग विझली, पण फुटलेल्या विहिरींतून वाहिलेलं तेल वाळवंटात खोलगट जागी साचलं आणि तिथे तेलाची तळी झाली. आकाशातून पडलेली काजळी आणि तेलाचे थेंब वाळूत मिसळून कित्येक ठिकाणी डांबरी रस्त्यासारखा कडक थर बसला.

कुवेत विद्यापीठात समीर रदवान नावाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. ते आणि त्यांचे सहकारी या तेलकट वाळवंटात हिंडत असताना त्यांना एक गोष्ट दिसली. जिथे तेलाचं प्रमाण थोडं कमी होतं तिथे काही रानरोपं उगवली होती. सूर्यफुलाच्या कुळातलं, पिवळ्या फुलांचं सेनेसिओ हे त्यांतलं एक. रोप काळ्या वाळूत उभं होतं. उपटून पाहिलं तर मुळं धडधाकट, पांढरी. मुळाला चिकटलेल्या वाळूत तेल खाणारे जिवाणू शेजारच्या वाळूपेक्षा कितीतरी जास्त. १९९५ मध्ये त्यांनी 'नेचर' या नियतकालिकात हे एका छोट्या टिपणात मांडलं आणि अशा वाळवंटात दाट लागवड करून तेल कमी करता येईल, अशी सूचना केली. ते टिपण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाचनालयातच उठून उभा राहिलो. आमच्या विहिरीवरचा काळा पट्टा आणि सरांचा तळहात, दोन्ही एकाच पानावर समोर आले होते.

मुळाभोवतीच्या या मातीला 'रायझोस्फिअर' हे नाव लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये दिलं. तो द्विदल पिकांच्या मुळांवर काम करत होता. मुळालगतच्या काही मिलिमीटर मातीत जिवाणूंची वस्ती वेगळी आणि दाट असते, हे त्याच्या ध्यानात आलं. ती किती दाट? दसपट, वीसपट, कधी त्याहूनही अधिक. याचं कारण मूळ नुसतं पाणी आणि अन्नद्रव्यं ओढत नाही, ते देतंही. पानांनी उन्हात तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा मुळांवाटे मातीत झिरपतो: साखरा, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं, मुळाच्या टोकावरचा बुळबुळीत स्राव, झडून गेलेल्या पेशी. झाड मातीत रोज ताट वाढतं, असं मी विद्यार्थ्यांना सांगत असे. ज्या मातीत कुणी जेवू घालत नाही तिथे जिवाणू उपाशी, सुस्त पडून असतात. ताट वाढलं की पंगत बसते.

ही पंगत किती लांब असते, त्याचा एक जुना हिशेब आहे. १९३७ मध्ये हॉवर्ड डिटमर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने राय धान्याचं एक रोप चार महिने एका लाकडी पेटीत वाढवलं आणि मग त्याची सगळी मुळं धुऊन मोजली. मुळांची एकूण लांबी सहाशे किलोमीटरच्या वर भरली. मुंबईहून रस्त्याने पणजीला जायला साधारण तेवढंच अंतर पडतं. आणि यात मुळांवरचे केस धरलेले नाहीत; ते धरले तर आकडा कित्येक पटींनी वाढतो. हे सगळं एका रोपाचं, आणि जेमतेम दोन घागरी बसतील एवढ्या मातीत. म्हणून तेलाच्या कामाला गवतवर्गीय वनस्पती सरस ठरतात. सोटमूळ खोल जातं, पण गवताचं झुपकेदार मूळ मातीच्या कणाकणाला शिवून येतं.

आता तेलाकडे वळू. क्रूड तेल म्हणजे एक पदार्थ नव्हे. हजारो संयुगांचं ते कडबोळं आहे. त्यातले हलके भाग उन्हाने उडून जातात, तोच तो वास. सरळ साखळीची संयुगं जिवाणूंना पचायला सोपी. फांद्या फुटलेल्या साखळ्या अवघड. कड्या-कड्या जोडलेली सुगंधी वर्गातली संयुगं आणखी अवघड, आणि त्यांतली काही कर्करोगाला कारण होणारी. सगळ्यात शेवटी डांबराचा अंश, ज्याला फारसं कोणी तोंड लावत नाही. सुडोमोनास, रोडोकॉकस, मायकोबॅक्टेरियम, असिनेटोबॅक्टर या कुळांत तेल खाणारे जिवाणू पुष्कळ आहेत आणि ते बाहेरून आणावे लागतातच असं नाही. जवळजवळ प्रत्येक मातीत ते थोडेफार असतात.

ते तेल खातात कसं, हे मला सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण यात मला फार मोठं सौंदर्य दिसतं. जिवाणू कार्बनच्या साखळीच्या टोकाला ऑक्सिजनचा एक अणू बसवतो. झाली सुरुवात. साखळीचं अल्कोहोल होतं, त्याचं अल्डिहाइड, त्याचं मेदाम्ल. एकदा मेदाम्ल झालं की तुमच्या-माझ्या शरीरात तूप ज्या वाटेने जळतं त्याच वाटेने ते दोन-दोन कार्बन तुटत जळतं. उरतं कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि जिवाणूंची नवी पिढी. जमिनीच्या पोटात कोट्यवधी वर्षं पडून राहिलेलं तेल शेवटी एखाद्या लहानशा पेशीत तुपासारखं पचतं.

पण या पहिल्या पायरीला ऑक्सिजन लागतो, आणि अडचण तिथेच येते. शेतकऱ्याला वाफसा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही: मातीत ओल आहे आणि हवाही आहे, औत घालायला योग्य अशी स्थिती. तेल पडलं की वाफसाच मोडतो. मातीच्या कणांवर तेलाचा पापुद्रा बसतो, पाणी आत शिरत नाही, हवा खेळत नाही. भुकेले जिवाणू असतात, खायला तेल असतं, श्वास मात्र नसतो. दुसरी अडचण नत्राची. तेलात कार्बनच कार्बन. नत्र आणि स्फुरद जवळपास नाहीच. शंभर भाग कार्बनामागे दहा भाग नत्र आणि एक भाग स्फुरद, असा ढोबळ हिशेब धरतात. तो बसला नाही तर जिवाणू मातीत असेल नसेल तो नत्र उचलतात आणि झाड पिवळं पडतं. न कुजलेलं काड किंवा कच्चं पाचट गाडल्यावर पीक पिवळं पडतं, ते यामुळेच. माझ्या कुंडीतली हराळी महिनाभर पिवळी होती, तेव्हा तिच्या मुळाशी हीच ओढाताण चालली होती.

मूळ या दोन्ही अडचणींत हात देतं. ते मातीत घुसतं, ढेकूळ फोडतं आणि मरतं तेव्हा मागे पोकळ नळी ठेवून जातं. त्या नळीतून हवा आणि पाणी उतरतं. पाणथळीतल्या काही वनस्पती तर आपल्या अंगातल्या पोकळ्यांतून ऑक्सिजन मुळापर्यंत पोहोचवतात. लसूणघास, धैंचा अशी द्विदलं सोबत असली तर नत्राचीही थोडी सोय होते. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. झाडं आपल्या संरक्षणासाठी जी कडू-उग्र रसायनं बनवतात, त्यांतल्या काहींची बांधणी तेलातल्या त्या कड्या-कड्यांच्या संयुगांसारखी असते. मुळातून ती झिरपली की ती पचवायला जिवाणू जी विकरं तयार करतात, तीच तेलातल्या अवघड कड्यांवरही चालतात. १९९० मध्ये अमेरिकेत युटा राज्यात दोन संशोधकांनी प्रेअरीतल्या आठ गवतांचं मिश्रण अशा संयुगांनी दूषित मातीत लावून पाहिलं. गवत असलेल्या मातीतली ती संयुगं बिनगवताच्या मातीपेक्षा अधिक घटली.

इथे एक गैरसमज दूर करतो. झाड तेल शोषून घेतं आणि पानांत साठवतं, असं पुष्कळांना वाटतं. वर्तमानपत्रांत तसं छापूनही येतं. काही हलकी, पाण्यात थोडी विरघळणारी संयुगं झाड ओढून घेतं, हे खरं. जड तेल मात्र मुळाच्या सालीलाच चिकटून राहतं, वर चढत नाही. माती साफ होते ती मुळापाशी बसलेल्या पंगतीमुळे. झाड यजमान आहे. हा फरक कळला की पुढचे सगळे निर्णय बदलतात. मग तुम्ही रोपं किती लावली हे मोजत नाही. मुळं किती खोल गेली, मातीत हवा आहे का, नत्र आहे का, हे पाहता.

या यजमानाला वगळून काम करण्याचाही प्रयत्न झाला. आनंद मोहन चक्रवर्ती यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. बंगालमधला हा जीवशास्त्रज्ञ अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करत होता. तेलाचे वेगवेगळे घटक पचवण्याची क्षमता वेगवेगळ्या प्लास्मिडांवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यांवर, असते; ती त्याने एकाच सुडोमोनास जिवाणूत एकत्र आणली. त्याच्या पेटंटचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्याच्या बाजूने लागला. सजीवावर पेटंट मिळू शकतं, हे तिथून ठरलं. विज्ञानाच्या इतिहासात तो दिवस फार मोठा आहे. पण त्या जिवाणूने उघड्यावर सांडलेलं तेल साफ केलं, असं झालं नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत पहिलवान असलेला जिवाणू रानात टिकेलच असं नाही. तिथे ऊन आहे, कोरड आहे, आधीपासून वस्ती करून असलेले हजारो प्रतिस्पर्धी आहेत. आपल्याकडे दिल्लीच्या टेरी संस्थेने वेगळी वाट धरली. भारतातल्याच तेलकट जागांमधून जिवाणू वेचून त्यांचा समूह बांधला, मक्याच्या कणसाच्या भुशावर तो वाढवला आणि 'ऑइलझॅपर' या नावाने तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या गाळावर वापरला. एका पहिलवानापेक्षा गाव उभं करण्याचा हा विचार मला जास्त पटतो. आणि गाव उभं राहायचं तर अन्न पिकवणारा कोणी तरी हवा. ते काम झाडाचं.

मग झाडं कोणती? हराळी, लव्हाळा, वाळा. आपल्या शेतकऱ्याने आयुष्यभर ज्यांच्याशी वैर केलं त्यांतली दोन नावं या यादीत पहिली आहेत. हराळीवर खुरपं मोडतं, लव्हाळ्याची गाठ कितीही खणली तरी एखादी मागे राहतेच. त्या चिवटपणाचीच इथे गरज आहे. आसामात दिगबोईला १८८९ मध्ये तेल लागलं, १९०१ पासून तिथे शुद्धीकरण चालतं. शंभर वर्षांहून अधिक काळ तेलविहिरी आणि भातखाचरं शेजारी-शेजारी नांदलेला तो मुलूख. तिथल्या संशोधकांनी तेलाने माखलेल्या मातीत लव्हाळा आणि त्याच्या कुळातली इतर तणं वाढवून पाहिली. तण असलेल्या मातीतलं तेल जास्त घटलं. हे प्रयोग साधे आहेत, कुंड्यांतले आहेत. पण ते त्या मातीत, त्या पावसात, तिथल्याच तणांवर केलेले आहेत, म्हणून मी त्यांना मानतो.

वाळ्याचं मूळ दोन-तीन मीटरपर्यंत सरळ खाली जातं, ही त्याची मोठी ताकद. बांधाला, उताराला तो माती धरून ठेवतो, त्यामुळे तेलकट माती ओढ्यात वाहून जात नाही. एक सूचना मात्र काळजीपूर्वक ऐका. प्रदूषित जमिनीतला वाळा खणून माठात घालू नका, अत्तराला विकू नका. तिथलं गवत गुरांना घालू नका. जळालेल्या ऑईलमध्ये तेलासोबत जस्त आणि इंजिनातून झिजून आलेले इतर धातू असतात. तेल तुटतं, त्याचं पाणी होतं; धातूचं काही होत नाही. तो मूलद्रव्य आहे. झाड त्याला फार तर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतं. आमच्या विहिरीवरचा पट्टा हिरवा झाला म्हणून स्वच्छ झाला, असं मी आज छातीठोकपणे म्हणणार नाही. त्या हराळीत आमची म्हैस चरायची, हे आठवलं की मला अस्वस्थ व्हायला होतं.

झाडांच्या मर्यादा मी लपवणार नाही, कारण त्या लपवल्या की लोकांचं नुकसान होतं. नायजेरियातल्या ओगोनीलँडचं उदाहरण देतो. दशकानुदशकं तिथे तेल गळत राहिलं. या अन्यायाविरुद्ध उभे राहिलेले लेखक केन सारो-विवा यांना तिथल्या लष्करी राजवटीने १० नोव्हेंबर १९९५ रोजी फाशी दिली. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्या भागाचा अहवाल प्रसिद्ध केला. काही ठिकाणी तेल पाच मीटर खोल गेलेलं सापडलं. आणि सफाई म्हणून काय केलं जात होतं? वरची माती उकरायची, खत टाकायचं, उलथापालथ करायची आणि बाकीचं निसर्गावर सोपवायचं. ही पद्धत तिथे परिणामकारक ठरलेली नाही, असं अहवालाने स्पष्ट सांगितलं. पूर्ण सुधारणेला पंचवीस ते तीस वर्षं लागतील, असाही अंदाज दिला. हातभर खोलीवर काम करणारी मुळं पाच मीटरवरच्या तेलाला काय करणार? वर हिरवळ दिसेल, फोटो चांगला येईल आणि खालचं तेल विहिरीच्या पाण्यात उतरत राहील. हिरवा रंग हा पुरावा नव्हे, हे मी माझ्या विद्यार्थ्यांकडून घोकून घेत असे.

आपल्या किनाऱ्यावर ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली. तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत गेलं, खारफुटीवर बसलं. तेव्हा मला फोन आले की झाडं लावून हे साफ होईल का. खारफुटी चिखलातून वर काढलेल्या मुळांनी श्वास घेते, आणि तेलाने नेमकी तीच मुळं माखली होती. तिथे झाड औषध नव्हतं, रुग्ण होतं. प्रत्येक जागेला एकच उपाय लावू नये, एवढंच मला त्या वेळी सांगता आलं.

आणि बागजान. आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात २७ मे २०२० रोजी एका वायुविहिरीतून स्फोटासारखा वायू उसळला. ९ जूनला ती पेटली, आग विझवताना दोन जवान गेले, आणि विहीर पूर्ण बंद व्हायला १५ नोव्हेंबर उजाडला. शेजारी दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान, मागुरी-मोटापुंगचं पाणथळ, चहाचे मळे, भातशेती. विहिरीतून आलेलं हलकं तेल गवतावर, पाण्यावर, शेतांवर बसलं. हलकं तेल लवकर उडतं आणि लवकर पचतं, हे शास्त्राने खरं आहे. पण ज्याचं त्या वर्षीचं पीक गेलं, त्याला हे सांगून काय उपयोग?

मला आज जे मुख्यतः सांगायचं आहे ते इथे येतं. झाडं काम करतात, पण वेळ घेतात. एक हंगाम नव्हे, तीन-चार, कधी त्याहून जास्त. हा वेळ कुणाच्या खात्यावर पडतो?

काही वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका गावात इंधनाचा टँकर उलटला आणि रस्त्याकडेच्या शेतात तेल मुरलं. शेतकऱ्याने मला बोलावलं. पंचनामा झाला होता. त्यात उभ्या सोयाबीनचं नुकसान नोंदलेलं होतं, मातीचं नाव कुठेच नव्हतं. भरपाई मिळाली ती एका हंगामाची. "साहेब, पीक गेलं ते दिसलं, जमीन गेली ती कोण लिहिणार?" असं तो मला म्हणाला. त्याच्याकडे मृदा आरोग्य पत्रिका होती. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, आम्ल-विम्ल निर्देशांक, अशा बारा गोष्टी त्यात असतात. तेल त्यात नाही. उलट एक विपरीत गोष्ट झाली होती. अपघातानंतर त्याने पुन्हा माती तपासून घेतली, तर सेंद्रिय कर्ब आधीपेक्षा चांगला आला! प्रयोगशाळेचं त्यात काही चुकलेलं नव्हतं. कर्ब मोजण्याच्या नेहमीच्या रासायनिक पद्धतीला शेणखताचा कार्बन आणि डिझेलचा कार्बन वेगळे ओळखता येत नाहीत. कागदावर त्याची माती सुधारली होती आणि शेतात बी रुजत नव्हतं.

त्या शेतात आम्ही काय केलं ते थोडक्यात सांगतो. सर्वात जास्त भिजलेला थर, जिथे मूठ वळली की तेल सुटत होतं, तो उचलून बाजूला काढला. एवढ्या तेलात कोणतंही बी तगत नाही. ती माती घातक कचरा म्हणून अधिकृत ठिकाणी पाठवली. उरलेल्या जमिनीत शेणखत घातलं, आडवी-उभी पाळी दिली, बांधाच्या उतारावर वाळ्याची ओळ लावली आणि आत हराळी पसरू दिली. गावात त्याची थट्टा झाली. लोक पैसे मोजून हराळी काढतात आणि हा लावतो! दर हंगामात मातीचा नमुना तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवला. पहिल्या वर्षी तेल भराभर उतरलं, दुसऱ्या वर्षी सावकाश, तिसऱ्या वर्षी आणखी सावकाश. काळ्या मातीच्या बारीक कणांत जे अडकून बसतं ते जिवाणूंच्या हाती पटकन लागत नाही. चौथ्या वर्षी त्याने त्या तुकड्यात पुन्हा पेरणी केली. मधली तीन वर्षं त्याचं घर मोठ्या भावाच्या पगारावर चाललं. ज्याने तेल सांडलं त्याने नव्हे, तर त्या भावाने त्या जमिनीच्या सफाईचा खर्च दिला.

मी हे कळकळीने मागतो आहे. पंचनाम्यात मातीचा वेगळा रकाना असावा. तेलाचा अपघात झालेल्या गावात मातीतल्या तेलाची तपासणी फुकट व्हावी आणि ती पुन्हा पुन्हा व्हावी. भरपाई पिकाच्या हंगामावर न मोजता जमीन पूर्ववत होईपर्यंतच्या वर्षांवर मोजावी. त्या काळात शेतकरी आपल्या शेतात गवत वाढवतो, पाळ्या देतो, नमुने काढतो. ते सफाईचं काम आहे, त्याची मजुरी त्याला मिळावी. इथे वकील मंडळी आहेत, पत्रकार आहेत, जिल्हा परिषदेचे सदस्यही आहेत. तुमच्यापैकी कुणी हे पुढे नेणार असेल तर माझ्याकडच्या त्या चार वर्षांच्या नोंदवह्या मी आनंदाने देईन. आणि ज्यांची गॅरेजं आहेत त्यांना विनंती: जळालेलं ऑईल कायद्यानेही घातक कचराच आहे. ते गटारात किंवा मागच्या मोकळ्या जागेत ओतू नका, अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांना द्या. सांडलेलं तेल मातीतून काढण्यापेक्षा डब्यात धरून ठेवणं कितीतरी स्वस्त आहे.

आता कुंड्या. सभा संपली की इकडे या. वास घेऊन पाहाल तर दोन्हींत डिझेलचा वास जवळजवळ गेलेला आढळेल. त्यावरून हराळीने काही केलं नाही असं ठरवू नका, आणि केलं असंही ठरवू नका. वास उन्हानेही जातो. टेबलावर पाण्याची वाटी आणि एक ड्रॉपर ठेवला आहे. दोन्ही कुंड्यांतल्या मातीवर एकेक थेंब टाका आणि तो मुरायला किती वेळ लागतो ते मोजा. मातीच्या कणांवर तेलाचा पापुद्रा जितका शिल्लक, तितका थेंब वर राहतो. आज सकाळी मी मोजलं तेव्हा मोकळ्या कुंडीत एक्केचाळीस सेकंद लागले. हराळीच्या कुंडीत, मुळाजवळ, सहा. त्याच कुंडीत काठाशी, जिथे मुळं अजून पोहोचलेली नाहीत, तिथे तेवीस.

हराळीची एक कांडी मी आधीच सैल करून ठेवली आहे. ती उपटा, हलकेच झटका, आणि जी माती राहील ती तळहातावर घ्या. शेजारी साबण आणि बादली आहे.